व्याह्यांची वळचण

माणसाने घर बांधलं ते पडवीला टेकायला एक भिंत हवी होती म्हणून. बाकी खोल्या, स्वयंपाकघर, कपाटं, पलंग हा सगळा मागाहून जमलेला पसारा आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस या पृथ्वीतलावर असेल, आणि तो नेमका माझा व्याही झाला. राहतात पोलादपुरात. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केली आणि आधी रजेत, निवृत्त झाल्यापासून बारमाही, लोकांच्या दाराला पडव्या काढून देतात. निव्वळ हौस. पडवी किती खोल, कुठल्या अंगाला, छप्पर कशाचं, वारा कुठून घ्यायचा आणि ऊन कुठे अडवायचं, हे सगळं ते ठरवतात. घरमालकाने फक्त हो म्हणायचं असतं. महाडपासून पोलादपूरपर्यंत कुठल्याही लग्नाला किंवा मयताला जा, आणि एखाद्याच्या कपाळावर ताजं टेंगूळ दिसलं तर खुशाल समजा की या माणसाने आमच्या व्याह्यांकडून पडवी बांधून घेतली आहे, निदान असल्या पडवीत चहाला तरी जाऊन आलेला आहे. कारण त्यांच्या पडवीची वळचण, म्हणजे छपराची पुढे उतरलेली कड (हे पूर्वी कुणाला सांगावं लागत नसे, पण हल्ली स्लॅबखाली जन्मलेली पिढीही वाचते), इतकी खाली असते की शिरताना वाकावंच लागतं. आमच्या घरी आंबेहळद आणि उगाळायची सहाण पडवीतच, दाराशेजारच्या फडताळात ठेवलेली असते. पाहुण्याला आधी लेप आणि मग पाणी, असा आमच्याकडचा क्रम आहे.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात. एप्रिलातली दुपार, महाडचं ऊन. जीपमधून पाहुणे उतरले, भराभर आत जाऊन पंख्याखाली बसले, आणि मुलाचे वडील मात्र छत्री उघडून आमच्या दारासमोर उभेच. मला वाटलं, चप्पल सापडत नसेल. "आत या की," मी म्हणालो. "आत काय हाय?" त्यांनी विचारलं. आत माझी मुलगी आहे, तिने केलेले पोहे आहेत, आणि तुमची सगळी माणसं आहेत, हे मी त्यांना कसं सांगणार? त्यांनी छत्री धरून घराभोवती एक चक्कर मारली, पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून तो झटकला, आणि येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "घर चांगलं हाय. पण तोंड नाय याला." खिडकीतून हे आमच्या हिने ऐकलं आणि स्थळ गेलं असं समजून तिने आत डोळ्यांना पदर लावला. पोह्यांची ताटलीसुद्धा त्यांनी उंबऱ्यापाशी उभं राहून संपवली. निघताना म्हणाले, "मुलगी पसंत हाय. देणं-घेणं आमच्यात नाय, बाबासाहेबांच्या माणसाला ते शोभतही नाय. पण एक अट हाय. मंगल परिणयाच्या आधी या दाराला पडवी झाली पायजे. उद्या मी येणार, मुलगा येणार. बसणार कुठं?"

"सोफा आहे की," मी म्हणालो.

"सोफ्यावर माणूस घड्याळ बघत बसतो," ते म्हणाले आणि जीपमध्ये चढले.

आमच्या नात्यात ही अट फार गाजली. मुलाकडच्यांनी गाडी मागितलेली, फ्रीज मागितलेला लोकांनी ऐकला होता. मुलीच्या बापानं स्वतःच्याच घराला पडवी बांधून स्वतःच वापरावी, ही मागणी कुठल्या सदरात घालायची हे कुणाला ठरवता येईना. माझा एक चुलत भाऊ तर म्हणाला, "हे काहीतरी डोक्याने अधू दिसतात, नीट चौकशी कर." चौकशी केली तेव्हा वरंधपासून कशेडीपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं, की माणूस सोन्यासारखा आहे, फक्त दारात वाकून जा.

ठरल्या दिवशी ते पहिल्या एसटीने आले. मला वाटलं, कागद, पेन्सिल, टेप काढतील. त्यांनी प्लॅस्टिकची एक खुर्ची मागितली, ती अंगणात ठेवली आणि बसले. दिवसभर बसले. सावली सरकली की खुर्ची सरकवायची, जुन्या जागेवर एक दगड ठेवायचा आणि परत बसायचं, एवढाच त्यांचा उद्योग. जेवणही तिथेच. संध्याकाळपर्यंत अंगणात दगडांची एक वाकडी ओळ झाली आणि आमच्या दारात कुणीतरी धरणं धरून बसलंय अशी बातमी गल्लीत पसरली. मधल्या वेळात घरातल्या एकेकाला समोर बोलावून उलटतपासणी. तुम्ही पेपर कुठल्या हाताला धरून वाचता? पाय पसरून बसता का मांडी घालून? मोबाईलवर बोलताना येरझाऱ्या घालता का? गुडघा कुठला दुखतो? हिला विचारलं, "ताई, तुम्ही कुठं बसता?" ही म्हणाली, "मला कुठली फुरसत बसायला!" "बरं," म्हणाले आणि पुढे माझ्या गुडघ्याकडे वळले.

दुसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर काठी आली. या काठीबद्दल सांगायला हवं. बांबूची, हाताळून हाताळून काळी गुळगुळीत झालेली, आणि धड चालायला टेकण्याइतकी आखूडही नाही आणि आंबे पाडण्याइतकी लांबही नाही. एसटीत ती उभी धरून बसतात. कंडक्टर मंडळी तिला ओळखतात. एकाने तर गमतीने तिचं अर्धं तिकीट फाडू का म्हणून विचारलं होतं. पडवीची लांबी, रुंदी, कट्ट्याची उंची हे सगळं ते टेपने मोजतात. फक्त वळचण या काठीने. काठी जमिनीवर उभी करायची, तिच्या टोकाशी खूण करायची, छप्पर तिथे येऊन थांबलं पाहिजे. आमचा मिस्त्री नवा होता, तो म्हणाला, "काका, जरा वर घेऊ. साहेबांचं डोकं लागंल." व्याह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने घाटात न्यूट्रलमध्ये गाडी सोडली. "आपल्याकडं पाऊस तिरका येतो बाबा. वळचण वर घेतलीस तर तो सरळ आत येऊन कट्ट्यावर बसंल आणि चहा मागंल." पुढे कुठल्याही पडवीत कुणीही उंचीचा विषय काढला की हा तिरका पाऊस हजर होत असे. साहेबांचं डोकं त्यांच्या दृष्टीने साहेबांनी सांभाळायचं होतं.

आता टेंगळं बाजूला ठेवून खरं सांगतो, पडवी अशी झाली की मी तिच्या प्रेमात पडलो. पत्र्याला त्यांचा सक्त विरोध. पत्रा म्हणजे तवा, त्याखाली माणसं बसत नाहीत, भाजली जातात, असं म्हणायचे. त्यामुळे कौलं आली, आणि भिंतीला छप्पर भिडतं तिथे हातभर फट ठेवली, तापलेली हवा वर चढून बाहेर जाण्यासाठी. पश्चिमेला जांभ्या दगडाची जाळी, तिच्यातून वारा येतो आणि ऊन बारीक होऊन येतं. खाली कोबा, त्याला बाहेरच्या अंगाला हलका उतार. कट्टा एवढा रुंद की बसलेला माणूस न विचारता आडवा होऊ शकतो. पावसाळ्यात ते मुद्दाम धो धो पाऊस बघून आले, पडवीच्या कडेने वर्तमानपत्राची पानं अंथरली आणि कुठलं पान भिजतंय ते बघत बसले. फक्त बाहेरचं एक पान ओलं झालं, त्यावर कसल्या तरी पुढाऱ्याचा फोटो होता. "चालंल," म्हणाले. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं येतात तेव्हा आमची पडवी दरवर्षी भरते. कुठून कुठून, विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली, उन्हाने लाल झालेली माणसं कट्ट्यावर टेकतात, पाणी पितात, घटकाभर डोळे मिटतात. गेल्या वर्षी एक म्हातारी उठायलाच तयार नव्हती. "लई गार हाय बाई हितं," म्हणत होती. उठली आणि वळचणीला डोकं आपटून पुन्हा बसली. हिने सहाण घेतली.

एकदाच आमच्यात वाजलं. हिला धुळीचा कंटाळा आला आणि पडवीला अ‍ॅल्युमिनियमचं स्लायडिंग लावून घ्यावं असं तिच्या मनाने घेतलं. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनाने घेतलं. आजूबाजूला सगळ्यांनी आपापल्या पडव्या बंद करून घेतल्या होत्या, आम्हीच उघड्यावर. माप घ्यायला माणूस येऊन गेला, आणि पोलादपुरात ही बातमी कशी पोचली कोण जाणे, पुढच्या एसटीने व्याही दारात. बसले नाहीत. त्यांच्या तोंडात शिवी नाही, पण 'पॅक करणे' हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात. "पॅक करताय असं ऐकलं. करा. पॅक केली की तिची खोली होईल. खोलीला पुढं पडवी पायजे, ती बांधाल. मग तिला धूळ लागंल, ती पॅक कराल. मग परत पुढं एक. असं करत करत व्याहीबुवा, तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्याच्या न्हाणीत निघाल." ही हसली आणि तिथेच स्लायडिंग संपलं. मी मात्र दोन दिवस घुश्शात होतो, कारण तो माणूस माझ्या घरात माझ्या धुळीवर हुकूम चालवत होता.

हे वेड त्यांना लागलं ते स्टिअरिंगवर. सगळा जन्म कशेडी, वरंध आणि आंबेनळी या घाटांत गेला. ड्रायव्हरच्या उंच सीटवरून त्यांनी दोन्ही बाजूंची घरं बघितली आणि घरांचं त्यांना जे दिसलं ते म्हणजे पडवी. कोण सकाळी दात घासत बसलंय, कुणाची आजी भिंतीला टेकून उन्हात आलीय, कुणाच्या कट्ट्यावर नवं बाळ आलंय, हे त्यांना तोंडपाठ. त्यातल्या बहुतेकांची नावं त्यांना ठाऊक नव्हती आणि त्यांच्या घरात ते कधी गेले नव्हते, पण हात दोन्हीकडून व्हायचा. एकदा कशेडीत दरड आली आणि गाडी अडकली. धुवाधार पाऊस, गाडीत बायका-पोरं. यांनी सगळे पॅसेंजर उतरवले आणि जवळच्या एका घराच्या पडवीत नेऊन बसवले. त्या घरच्या माणसाने चहा केला, पण पडवी अरुंद, सगळ्यांच्या पाठी भिजल्या. रस्ता मोकळा झाला, गाडी गेली. पुढच्या रजेत व्याही काठी घेऊन त्याच्या दारात हजर. "तुमचं छप्पर हातभर पुढं घ्यायचं हाय," म्हणाले. तो माणूस म्हणाला, "आम्हाला पुरतं की." "तुम्हाला पुरतं हो. गाडीला नाय पुरत."

पडवी बांधून झाली की त्यांचं काम संपत नाही, उलट तिथून पुढे तपासणी सुरू होते. न सांगता येतात. पडवीत मोटरसायकल दिसली तर ती ढकलत नेऊन रस्त्यावर उभी करतात. एकाने वॉशिंग मशीन ठेवलं होतं, त्याच्याशी सहा महिने बोलले नाहीत. पण त्यांचा खरा जीव तुटतो तो कुलूप लावलेल्या घरांसाठी. आमच्याकडे डोंगरातल्या वाड्यावाड्यांत मुंबईकरांनी देखणी घरं बांधलीत. शिमग्याला आणि गणपतीला उघडतात, बाकी वर्षभर बंद. त्यांच्यातल्या कितीतरी पडव्या व्याह्यांनी काढून दिलेल्या. माणूस बसला नाही की पडवी खचते, असं त्यांचं मत. म्हणून ते पाळीपाळीने अशा घरांच्या पडवीत जाऊन बसून येतात. बरोबर तंबाखू नाही, पेपर नाही, नुसते बसतात. एका घराला मालकाने कॅमेरा बसवला होता. हे कट्ट्यावर टेकले आणि वरून आवाज आला, "ओ काका, कौन हो आप? उधर क्या कर रहे हो?" व्याही दचकले नाहीत. त्यांनी भिंतीला विचारलं, "मराठीत बोल ना बाबा. कुठनं बोलतोस?" "मी विरारहून बोलतोय. तुम्ही माझ्या घरात काय करताय?" "बसलोय." "का?" "तू नाय बसत म्हणून." मग व्याह्यांनीच सांगितलं, "तुझ्या उजव्या हाताचा पन्हाळ पाल्यानं तुंबलाय. काढतो. आणि आईला घेऊन ये एकदा, तिच्यासाठी कट्टा खाली घेतलाय." तो मुलगा आता दर आठवड्याला कॅमेऱ्यातून त्यांना "काका, आज येणार का?" म्हणून विचारतो, असं ते अभिमानाने सांगतात. आईला अजून त्याने आणलेलं नाही.

आणि या माणसाच्या स्वतःच्या घराला आज पुढची पडवी नाही.

होती. महाडपासून पोलादपूरपर्यंत तशी दुसरी नव्हती. त्यांच्या तरुणपणी त्यांनी स्वतः उभी केलेली, रस्त्याला तोंड करून, की कशेडीकडे जाणारा ट्रक आणि महाबळेश्वरची गाडी दोन्ही बसल्या जागेवरून दिसावीत. मग हायवे रुंद झाला. ज्या रस्त्याकडे बघायला पडवी बांधली तोच वाढत वाढत आला आणि पडवी घेऊन गेला. आता दार उघडलं की तीन पायऱ्या, गटार आणि सरळ गाड्या. व्याह्यांनी कौलं, वासे आणि खांब एकेक करून उतरवले, पुसले आणि मागच्या दारी रचून ठेवले. पुन्हा बांधू म्हणाले. पण कुठे? पुढे जागा नाही, बाजूला शेजाऱ्याची भिंत. रोज सकाळी खडूने दारापाशी काहीतरी आखायचे आणि संध्याकाळी पायाने पुसायचे. गच्चीवर शेड टाका असं मुलाने सुचवलं. "पडवी जमिनीवर असती," म्हणाले. "वर बसतो तो कावळा."

अशात एके दिवशी माझ्या मुलीचा कल्याणहून फोन आला; ती आणि जावई तिथे फ्लॅटमध्ये राहतात. आवाज घाबरलेला. (सासूबाईंना ती आई म्हणते आणि सासऱ्यांना पप्पा.) "बाबा, आई म्हणतात मी आता कायमचीच कल्याणला येते. पोलादपुरात मला जागा नाही म्हणतात. आईंचं ठीक आहे हो, पण त्या आल्या म्हणजे पप्पाही येणार. पप्पांचं इथं काय होईल?" पप्पांचं काय होईल ते आम्हाला माहीत होतं. मागे ते आठ दिवस राहायला गेले होते. बाल्कनीत कपड्यांच्या दोऱ्या होत्या म्हणून त्यांनी खुर्ची काढून लिफ्टच्या समोर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जय भीम, बसा जरा" म्हणत राहिले. सोसायटीची नोटीस आली. शेवटच्या दोन दिवसांत ते कुणाशी बोलले नाहीत, जेवलेही धड नाहीत. त्या फ्लॅटमध्ये त्यांना कायमचं ठेवणं म्हणजे माणूस हळूहळू विझताना बघणं. मी आणि ही त्याच सकाळी पोलादपूरला गेलो.

व्याही पायरीवर खडू घेऊन बसलेले होते. आत मधल्या खोलीत त्यांचे जुने दोस्त, सगळे निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर, पलंगावर आणि खुर्च्यांवर पसरलेले. पडवी गेल्यापासून सभा तिथे भरत असे. विहीणबाई त्यांच्यामधून वाट काढत चहा देत होत्या. त्या ठेंगण्या, अंगाने बारीक, बोलणं कमी. माझ्या डोळ्यांपुढे त्या कायम हातात ट्रे घेतलेल्याच येतात. हिने त्यांना बाजूला घेतलं आणि मी आपला समजूत घालायला लागलो, की वहिनी, पडवी गेल्याचं दुःख आम्हाला कळतं, रस्त्याची सवय असते, काहीतरी मार्ग निघेल.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मला रस्ता कशाला पायजे?"

व्याही पायरीवरून उठून आत आले.

"त्या पडवीत मी चहा घेऊन जायची आणि कपबश्या घेऊन यायची," त्या सांगू लागल्या. रागाने नाही, साधंच. "बसले कधी? सासरे बसायचे, मग हे बसायचे, ह्यांचे दोस्त बसायचे. मी बसायची मागल्या दारी, पायरीवर. निवडायचं, टिपायचं, चार बायकांशी बोलायचं. आता हे सगळे घरात आले. आणि मागल्या दारी ह्यांनी त्यांची कौलं रचून ठेवलीत. माझ्या जागेवर ह्यांची पडवी बसलीय, भाऊ. मग मी कुठं बसू? कल्याणला जाते."

एक दोस्त कप ठेवून हळूच उठला, त्याच्यामागे दुसरा. गावोगावच्या माणसांना गुडघ्यापासून पेपरपर्यंत सगळं विचारणारा हा माणूस, आणि घरातल्या घरात एवढं एक विचारायचं राहून गेलं होतं. ड्रायव्हरच्या सीटवरून घराची मागची बाजू दिसत नाही, हे मला तेव्हा सुचलं. बोललो मात्र नाही, कारण मला आमच्या हिचं ते "मला कुठली फुरसत" आठवलं आणि ही माझ्याकडेच बघत होती.

हातातला खडू खिशात टाकून व्याही म्हणाले, "कुठं बसायचीस गो? दाखव बरं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कौलं हलवली आणि मागच्या दारी खुर्ची टाकून बसले. सकाळचं कोवळं ऊन यायचं, दुपार कलली की घराचीच सावली पडायची. सावित्री नदीकडून वारा सरळ वर यायचा. आणि घर आडवं असल्यामुळे पश्चिमेचा पाऊस तिथे पोचतच नव्हता. मला फोन करून ते म्हणाले, "व्याहीबुवा, या घराची चांगली जागा मागं होती हो. आणि इथं एक वेगळाच रस्ता हाय. सगळ्या बायका मागच्या दारांनी एकमेकींशी बोलत असतात. कुंपणावरून भाजी जाते, वाटी येते. मी एवढी गाडी मारली, पण हा रूट मला माहीतच नव्हता." त्यांचा आवाज मी इतका आनंदी कधी ऐकला नव्हता. लगेच दुसऱ्या वाक्याला म्हणाले, "तुमच्या मागल्या दाराचं पण बघाय पायजे. ताईंना सांगून ठेवा." मी सांगून ठेवलं नाही, हिने स्पीकरवर ऐकलं होतं.

काम सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम गेलो. जुनेच खांब, जुनीच कौलं. मिस्त्रीने विचारलं, वळचण कुठे घेऊ, आणि व्याह्यांनी काठी आणली. इतक्या वर्षांच्या टेंगळांचा हिशेब चुकता करायची ही संधी मी सोडणार नव्हतो. "व्याहीबुवा," मी म्हणालो, "इथे तिरका पाऊस येत नाही हे तुम्हीच मला सांगितलंत. मग आता तरी वळचण वर घ्या की! माणसासारखं ताठ मानेने आत येऊ द्या आम्हाला!" मिस्त्रीही खूश झाला. व्याह्यांनी काठी जमिनीवर उभी केली आणि टोकाशी खूण करायला बोट लावलं. एवढ्यात विहीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या आणि कप देण्यासाठी नेमक्या काठीशेजारी येऊन थांबल्या. मी बघितलं. त्यांच्या डोक्यावर काठी चार बोटं उरत होती. आडवी ठेवलेली चार बोटं, ना कमी ना जास्त.

मी काठीकडे बघत होतो आणि विहीणबाई माझ्याकडे. त्यांना हसू आलं. "लग्नाच्या वर्षी ही काठी कापलेली," त्या म्हणाल्या. "पहिली पडवी बांधत होते तेव्हा. घरात टेप नव्हता. मला उभी केली, डोक्यावर चार बोटं ठेवली आणि म्हणाले, तुझ्या डोक्याला नाय लागली म्हंजे झालं."

"तेव्हा मापाला दुसरं काय होतं घरात?" व्याही चिडून म्हणाले. कान लाल झाले होते. "आणि पाऊस पण तिरकाच यायचा." मग मिस्त्रीकडे वळून, "बघतोस काय? मार खूण!"

म्हणजे महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या सगळ्या पडव्या, कशेडीतली, वरंधची, विरारवाल्याची, माझी, या एका बाईच्या उंचीच्या होत्या. आम्ही सगळे आजवर जिच्यापुढे वाकत आलो, ती मात्र त्यातल्या एकाही पडवीत टेकली नव्हती. मला एकाएकी इतकं भरून आलं की चहा मी बशीत न ओतता तसाच गरम प्यालो आणि तोंड भाजलं.

परवा आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. कल्याणचा विषय आता निघत नाही. मागच्या पडवीत विहीणबाई भिंतीला पाठ लावून, पाय लांब पसरून बसल्या होत्या, मांडीवर ताट, ताटात निवडायचे तांदूळ. कुंपणापलीकडच्या बाईशी त्यांचं बोलणं चालू होतं आणि आम्हाला बघूनही त्या उठल्या नाहीत, ही नुसती हात करून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. चहा व्याह्यांनी केला. चौघांचे कप घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथेच घुटमळले. "बसू काय गो?" त्यांनी विचारलं.

"बसा की," विहीणबाईंनी ताट जरा सरकवलं. "पण तुमचा रस्ता इथून दिसायचा नाय."

"नाय तर नाय," म्हणाले आणि टेकले. कपबश्या गोळा करायलाही तेच उठले, तेव्हा आमच्या हिने माझ्याकडे एकदा बघून घेतलं. आमच्या मागल्या दारी पुढच्या महिन्यात खुर्ची लागणार आहे.

निघताना विहीणबाई आम्हाला पोचवायला उठल्या आणि वळचणीखालून ताठ मानेने, सहज चालत बाहेर अंगणात गेल्या. पदरसुद्धा लागला नाही. त्यांच्या मागून मी निघालो, आणि कपाळ वाचवायला लागतं त्याहून जरा जास्तच वाकलो.